कागदावरचा पगार आणि हाताचा भाव

भोसरी एमआयडीसीतल्या एका गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स असलं तरी निम्मा धंदा अर्ज भरून देण्याचा आहे. पीएफ, ईएसआय, पॅन, पोरांचे दाखले, सगळंच. गेल्या पावसाळ्यात एक जण आला, तिशीचा असेल, लातूरकडचा. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. त्याला पाचशेच्या स्टॅम्पपेपरची झेरॉक्स हवी होती. मशीनवर ठेवायच्या आधी मी कागद वाचला. ही सवय चांगली नाही, पण आहे. त्यात लिहिलं होतं की अमुक तारखेला माझ्याच चुकीने मला दुखापत झाली, मालकांनी माणुसकीच्या नात्याने चाळीस हजार रुपये दिले, आता माझी काही तक्रार नाही आणि पुढे राहणार नाही. खाली जागा मोकळी होती.

तो म्हणाला, "काका, एक विचारायचं होतं. डावा अंगठा चालतो का? उजवा प्रेसमध्ये गेला."

त्या दिवसापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारतो आणि आज तुम्हालाही विचारतोय. तुमचा पगार किती? हातात पडतो तो नव्हे, कागदावर आहे तो.

माणूस मेला तर घरच्यांना काय मिळेल याचा हिशेब आपण करतो. एजंट घरी येऊन तो हिशेब करायलाच लावतो. दवाखान्यात पडलो तर मेडिक्लेम आहे की नाही हेही हल्ली विचारतात. पण माणूस जगला, दवाखान्यातून घरी आला आणि पहिलं काम त्याला कधीच करता आलं नाही तर? टर्म इन्शुरन्स त्याला काही देत नाही, कारण तो मेलेला नाही. मेडिक्लेम दवाखान्याचं बिल भरतो, वाण्याचं नाही. घरभाडं, भिशी, गाडीचा हप्ता, पोरांची फी हे सगळं पहिल्यासारखंच चालू राहतं आणि वर दोन खर्च नवे येतात. एक औषधाचा. दुसरा कुणी मोजत नाही तो. नवऱ्याचं करायला बायको कामावर जायची थांबते. एका अपघातात घरातले दोन पगार जातात.

लातूरच्या पोराच्या घरी हेच झालं होतं. बायको तीन घरची धुणीभांडी करायची, ती दोन महिने सुटली. गळ्यातलं गहाण पडलं. मग मालकाच्या चाळीस हजारांत त्याला देव दिसला. मी त्याला नावं ठेवत नाही. महिनाअखेरीला चाळीस हजार म्हणजे चाळीस हजार.

पण हिशेब बघा. त्याच्या वर्कशॉपमध्ये सात माणसं, म्हणून ईएसआय नाही. अशांसाठी नुकसानभरपाईचा जुना कायदा आहे, 1923 सालचा. आता तो 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घातलाय आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. हिशेबाची रीत मात्र तीच राहिली. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या पगाराचे 60 टक्के घ्यायचे आणि त्याला वयाच्या आकड्याने गुणायचं. वय 30 असेल तर तो आकडा 207.98, चाळिशीला 184.17, पन्नाशीला 153.09. अपंगत्व पूर्ण नसून एखादा अवयव गेला असेल तर त्याचे टक्के ठरलेले आहेत. अंगठा 30 टक्के, तर्जनी मुळापासून गेली तर 14, एका हाताची चारही बोटं गेली तर 50. पगार कितीही असला तरी 15,000 च्या वर धरत नाहीत. ही मर्यादा जानेवारी 2020 पासूनची आहे, त्याआधी ती 8,000 होती.

पोराला हातात 16,000 मिळत होते. म्हणजे 15,000 धरायचे, त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले 207.98. झाले 18,71,820. त्याचे 30 टक्के म्हणजे 5,61,546 रुपये. हा एका अंगठ्याचा कायद्यातला भाव. मालक देत होता चाळीस हजार.

आता खरी गोम. पगाराच्या स्लिपवर 9,000 होते. महिन्याला सव्वीस दिवस काम करून हजेरी अठराच दिवसांची मांडलेली. उरलेले पैसे रोख, पाकिटात. त्या 9,000 वर तोच हिशेब केला तर अंगठ्याचे 3,36,928 होतात. अंगठा तोच, प्रेस तोच, रक्तही तेवढंच. कागदापायी सव्वादोन लाख कमी.

यात एकट्या मालकाला धरून उपयोग नाही. हजेरी कमी मांडतात हे पोराला माहीत होतं. "रोख मिळतंय ना, मग बरंय," हे तोही म्हणाला होता आणि तुमच्यापैकी कितीतरी जण म्हणतात. पीएफ कापू नका साहेब, ईएसआय कापू नका, हातात द्या. 18,000 पगारावर ईएसआयचे तुमच्या खिशातून जातात महिन्याला 135 रुपये. पाऊण टक्का. मालकाचा वाटा सव्वातीन टक्के. कुरकुर कुणी करायची तर त्याने करावी, आपण कशाला?

त्या 135 रुपयांत काय मिळतं ते सांगतो. पगार महिना 21,000 पर्यंत असेल आणि कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय लागू होतं. कामावर इजा झाली तर कामावर लागल्याच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, अमुक महिने वर्गणी भरलेली हवी अशी अट नाही. बरं होईपर्यंत रोजच्या पगाराच्या 90 टक्के मिळतात. कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड कमावण्याची ताकद किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दर महिन्याला पैसे येतात, मरेपर्यंत. पुन्हा दुसरीकडे कामाला लागलात तरी ते थांबत नाहीत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. 18,000 पगारवाल्याचा अंगठा गेला आणि बोर्डाने 30 टक्के धरले तर ढोबळ हिशेबाने महिन्याला 4,800 च्या आसपास. स्लिपवर 12,000 असतील तर साधारण 3,200. हा फरक आयुष्यभर, दर महिन्याला. ईएसआय असेल तर वरची एकरकमी भरपाई मात्र मागता येत नाही. दोन्हींपैकी एकच.

आणि कार्ड. ईएसआयमध्ये नोंद कामावर घेतल्या दिवशी व्हायला हवी. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत जखमी झालेल्या कामगारांसाठी सेफ इन इंडिया नावाची संस्था काम करते. 2019 पासून ती ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. बोटं बहुतेक पावर प्रेसमध्ये जातात आणि कितीतरी जणांच्या हातात ईएसआयचं कार्ड अपघात झाल्यावर पडतं, ही गोष्ट त्यांत पुन्हापुन्हा येते. माझ्या दुकानातही तेच दिसतं. अपघात सकाळी दहाला होतो, नोंदणी दुपारी दोनला. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणं असतात, म्हणजे दाबताना हात डायमध्ये राहूच नयेत. नग वाढावेत म्हणून एका बटणावर चिकटपट्टी मारलेली असते. सेन्सर बंद. हे सुपरवायझरला माहीत असतं, सेटरला माहीत असतं, प्रेसवाल्याला तर असतंच. पण टार्गेटचा फळा भिंतीवर असतो आणि बोटं आपली.

म्हणून पहिलं काम आज संध्याकाळीच करा. पगाराची स्लिप मिळत असेल तर शेवटच्या सहा महिन्यांच्या स्लिपा एका पिशवीत घाला. मिळत नसेल तर बँकेचं पासबुक भरून आणा. पैसे फोनवर येत असतील तर त्या मेसेजचे फोटो काढून ठेवा. हजेरीच्या वहीचा, गेटपासचा, सुपरवायझरने "उद्या सेकंड शिफ्टला ये" लिहिलेल्या मेसेजचा, सगळ्याचा फोटो. हे फोटो बायकोच्या फोनवर पाठवा, कारण अपघाताच्या गडबडीत पहिला हरवतो तो फोनच. रोख पाकिटातले पैसे शक्य तितके बँकेत भरा, म्हणजे सोळा हजार मिळत होते याचा माग तरी राहील.

दुसरं, दवाखान्यातलं. अपघात झाला की ठेकेदाराचा माणूस रिक्षात शेजारी बसतो आणि वाटेत सांगतो, "डॉक्टरला घरी पडलो म्हणून सांग, नाहीतर पोलिसांचं लफडं लागेल, उपचार लांबतील." असं सांगू नका. पहिल्या केसपेपरवर जे लिहिलं जातं ते शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. कुठल्या कारखान्यात, कुठल्या मशीनवर, किती वाजता, हे तिथेच लिहून घ्यायला सांगा. तुम्ही शुद्धीत नसाल तर सोबतच्याने सांगावं. तेव्हा सोबत जाणारा मित्र असाल तर ही जबाबदारी तुमची. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर कामावरचाच धरला जातो. बाईक घसरली म्हणजे आपलंच नशीब, असं समजून गप्प बसू नका.

तिसरं, चाळीस हजारांचा कागद. भरपाईचा हक्क सोडून देतो असं कुणीही कितीही मोठ्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं तरी कायदा ते मानत नाही. मालक पैसे देत असेल तर घ्या, पावती द्या, पण "तक्रार नाही" या शब्दांखाली सही नको, अंगठा नको. अंगठाच उरला नसेल तर तर नाहीच नाही.

एक निकाल मी दुकानात येणाऱ्यांना नेहमी सांगतो. ओडिशात एका सिनेमा थिएटरात नक्षीकाम करणारा सुतार वरून पडला. 1968 ची गोष्ट. डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं, एक हात आहे ना, मग पूर्ण अपंग कसा? कायद्याच्या तक्त्यातही त्या इजेला पूर्ण शंभर टक्के नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1975 मध्ये सांगितलं की सुताराला दोन हात लागतात, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणजे या माणसापुरतं अपंगत्व पूर्ण आहे. भरपाई अपघाताच्या दिवसापासून देणं लागते, हेही त्याच निकालात आलं. यावरून एवढं लक्षात घ्या की डॉक्टरच्या दाखल्यावरचा टक्का आणि कमाईचा गेलेला टक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारकुनाची करंगळी आणि तबलजीची करंगळी सारखी नाही. तुमचं नेमकं काम काय होतं, दिवसभर हात कसे चालायचे, हे वकिलाला आणि बोर्डाला सविस्तर सांगा. "हेल्पर" एवढं लिहून गप्प बसू नका.

सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला, ज्यावर यूडीआयडी कार्ड मिळतं, तो तिसराच प्रकार. तिथे सवलतींसाठी 40 टक्के लागतात. एका अंगठ्याला तेवढे मिळत नाहीत म्हणून "आपल्याला काही मिळत नाही" असं समजून माणसं भरपाईही सोडून देतात. दाखला वेगळा, भरपाई वेगळी.

आता विम्याकडे येतो, कारण वरचं सगळं मालक असलेल्यांसाठी झालं. रिक्षावाला, डिलिव्हरीवाला, सेंट्रिंगवाला, शेतावरचा गडी यांनी काय करायचं?

सगळ्यात स्वस्त आहे ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. 2015 ला निघाली तेव्हा वर्षाला 12 रुपये होते, जून 2022 पासून 20 झाले. 18 ते 70 वय, बँकेत खातं, एवढंच. अपघाताने मृत्यू आला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय गेले तर 2 लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेला तर 1 लाख. घ्याच, पण त्यात काय नाही तेही समजून घ्या. बोटांचं काही नाही. आजारपणाचं काही नाही. विमा 1 जूनला सुरू होतो आणि 31 मेला संपतो. पैसे मेअखेर आपोआप कापले जातात आणि नेमके तेव्हाच खात्यात वीस रुपये नसतात. मे महिन्यात शाळेची खरेदी असते, लग्नं असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून घ्या आणि वीस रुपये गेलेत का ते डोळ्यांनी बघा.

शेतकऱ्यांसाठी राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. सातबारा असलेल्या घरातल्या दोघांना, मृत्यूला किंवा दोन अवयवांना 2 लाख आणि एका अवयवाला 1 लाख. साप, वीज, शॉक, सगळं धरतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांच्या आत. पण ज्याच्या नावावर गुंठाही नाही आणि जो दुसऱ्याच्या मळणीयंत्रावर उभा राहतो, त्याला ती नाही. हे मला कधीच पटलेलं नाही. यंत्र सातबारा बघून हात ओढत नाही.

बांधकामावर असाल तर बांधकाम कामगारांच्या मंडळाकडे नोंदणी करा, वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रिक्षा किंवा बाईक असेल तर विम्यातला मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा वाचवायला जाऊ नका. थर्ड पार्टी विमा समोरच्याला देतो, तुम्हाला नाही. आणि जुनी गाडी घेऊन नावावर केली नसेल तर हा विमाही तुमचा नाही, ज्याच्या नावावर गाडी आहे त्याचा. लायसन्स संपलेलं असेल तर तेही रडगाणं.

थोडे पैसे टाकता येत असतील तर वेगळी अपघात पॉलिसी घ्या. सगळ्या कंपन्यांना एकसारखी ठेवावी लागणारी "सरल सुरक्षा बिमा" एप्रिल 2021 पासून आहे, अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत. तिला एक जोड घेता येते, काम तात्पुरतं बंद पडलं तर आठवड्याला विम्याच्या रकमेच्या 0.2 टक्के, शंभर आठवड्यांपर्यंत. म्हणजे 10 लाखांच्या पॉलिसीवर आठवड्याला 2,000. फार नाही, पण रेशन निघतं. एजंट ही जोड स्वतःहून सांगत नाही. तो पैसे परत मिळणारी योजना सांगतो. त्याला विचारा, "हात मोडून सहा महिने घरी बसलो तर दर आठवड्याला किती?" उत्तर तोंडी नको, कागदावर दाखवायला सांगा. आणि फॉर्ममध्ये काम खरं लिहा. हप्ता वाचवायला "दुकानदार" लिहायचं आणि चढायचं परांचीवर, मग कंपनीने दावा फेटाळला तर भांडायला तोंड उरत नाही.

सगळ्यात मोठं भगदाड मात्र आजाराचं आहे. आमच्या गल्लीतल्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशींचा पाय साखरेने गेला. आधी बोट काळं पडलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालून. अपघात पॉलिसी होती, कामाची नव्हती. साखर अपघातात मोडत नाही. अर्धांगवायूही नाही. त्यासाठी गंभीर आजारांची वेगळी पॉलिसी लागते, तीही तब्येत ठणठणीत असताना घेतलेली.

पण मावशींचा पीएफ कापला जायचा. पीएफबरोबर जी पेन्शन असते, 1995 ची, तिच्यात एक कलम आहे. नोकरीत असताना माणूस करत असलेल्या कामाला कायमचा पूर्ण नालायक झाला तर त्याला दहा वर्षं पुरी नसली तरी पेन्शन मिळते. कारण अपघात की आजार, ते बघत नाहीत. एक महिन्याची वर्गणी असली तरी चालते. मात्र आधी मेडिकल बोर्डापुढे उभं राहावं लागतं. अर्ज 10 डी. मावशी म्हणाल्या, "म्हातारपणाचे पैसे आत्ताच कसे?" त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. कॅन्टीनच्या ठेकेदारालाही माहीत नव्हतं. किमान हजार रुपये मिळतात, थट्टाच आहे ती, पण दर महिन्याला येणारी थट्टा. पीएफचे सगळे पैसे काढून घेऊन पेन्शन मोडायच्या आधी हे कलम विचारा.

लातूरच्या पोराने सही केली नाही. मी त्याला कामगार न्यायालयात नेणाऱ्या एका युनियनवाल्याकडे पाठवलं. तारखा चालू आहेत. सध्या तो एका सोसायटीत वॉचमन आहे, रात्रपाळी, पेन डाव्या हातात धरायला शिकलाय. मागच्या आठवड्यात धाकट्या भावाला घेऊन आला. भाऊ चाकणला लागलाय, तोही प्रेसवरच. भावाची स्लिप माझ्यापुढे टाकून म्हणाला, "काका, हजेरी मोजा."

सव्वीस दिवस कामावर गेलेला, स्लिपवर एकोणीस. भाऊ म्हणाला, बाकीचे रोख मिळतात ना. थोरल्याने काही न बोलता उजवा हात टेबलावर ठेवला.